कर्णनाद : उपचारांची कक्षा आणि मर्यादा

"कानात सारखा आवाज येतो" अशी तक्रार घेऊन येणारा रुग्ण सहसा आपल्याकडे प्रथम येत नाही. त्याच्या पिशवीत दोन-तीन तज्ज्ञांचे कागद असतात, जीवनसत्त्वांच्या गोळ्यांची अर्धी संपलेली पाकिटे असतात, आणि कोणीतरी सांगितले म्हणून आणलेली तेलाची एखादी बाटली असते. "यावर इलाज नाही, सवय करून घ्या" हे वाक्य ऐकून तो खचलेला असतो. आयुर्वेदात तरी काही असेल, या आशेने तो समोर बसतो. अशा रुग्णाला नाही म्हणणे कठीण जाते आणि हो म्हणणे फार सोपे असते. प्रस्तुत लेखाचा हेतू हा की या दोन्हींच्या मध्ये वैद्याने नेमके कोठे उभे राहावे आणि औषधविक्रेत्याने कोठे थांबावे, याचा विचार वाचक वैद्यबंधू-भगिनींसमोर मांडावा.

प्रश्न लहान नाही. जगभरातील पाहण्यांचा एकत्रित आढावा २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार प्रौढांपैकी सुमारे १४ टक्के व्यक्तींना कर्णनादाचा अनुभव येतो आणि सुमारे २ टक्के व्यक्तींना तो तीव्र स्वरूपात छळतो. आपल्या चिकित्सालयाच्या आसपास दहा हजार प्रौढांची वस्ती असेल, तर त्यांतील सुमारे दोनशे जणांची झोप या आवाजाने उडालेली असू शकते.

शास्त्रातील विचार

सुश्रुताने उत्तरतंत्राच्या विसाव्या अध्यायात २८ कर्णरोग सांगितले. वाग्भटाने २५ मानले आणि चरकाने दोषभेदाने चारच. कर्णनादाची संप्राप्ती सांगताना सुश्रुत म्हणतो की विमार्गग वायू शब्दवह सिरांत स्थित झाला म्हणजे रुग्णाला नाना शब्द ऐकू येतात; ते भेरी, मृदंग, शंख यांसारखे असतात, असे माधवनिदान सांगते. कर्णक्ष्वेडाची त्याने दिलेली कारणे अशी : श्रम, धातुक्षय, रूक्ष व कषाय आहार आणि शिरोविरेचनानंतर केलेले शीतसेवन. माधवनिदानात क्ष्वेडामध्ये वायूबरोबर पित्तादींचा अनुबंध सांगून त्याचा स्वर वेणूसारखा वर्णिला आहे. व्यवहारात ढोलासारखा घुमणारा आवाज आणि शिटीसारखा बारीक आवाज सांगणारे रुग्ण आपण नित्य पाहतो. हे वर्णन रुग्णाच्या तोंडून ऐकूनच लिहिले गेले असावे, इतके ते जुळते.

चिकित्सेत कर्णशूल, कर्णनाद, बाधिर्य आणि क्ष्वेड या चारही व्याधींना सुश्रुताने एकच सामान्य उपक्रम सांगितला. घृतपान, रसायन, व्यायामवर्जन, डोक्यावरून स्नान न करणे, ब्रह्मचर्य आणि अतिभाषणवर्जन असा पथ्यविचार त्याच प्रकरणात आहे. ही यादी बारकाईने पाहिली तर तिचा मोठा भाग औषधाचा नसून विश्रांतीचा आहे.

वाग्भटाने आणखी एक इशारा दिला आहे. उपेक्षिलेल्या नादाचे पर्यवसान प्रथम मोठ्याने बोललेलेच ऐकू येण्यात आणि क्रमाने बाधिर्यात होते, असे तो म्हणतो. बालकांचे, वृद्धांचे आणि चिरकालीन बाधिर्य वर्ज्य करावे, असे परंपरेने स्पष्ट सांगितले आहे. याचा अर्थ असा की मर्यादेचा विचार आपल्यावर बाहेरून कोणी लादलेला नाही, तो शास्त्रातच आहे. साध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि प्रत्याख्येय हे चार कप्पे आपल्याच आचार्यांनी केले. असाध्य व्याधी अंगावर घेणाऱ्या वैद्याच्या अर्थ, विद्या आणि यश यांची हानी होते, असे चरकाने सूत्रस्थानाच्या दहाव्या अध्यायात बजावले आहे. रुग्णाची जी हानी होते ती वेगळीच.

आवाज कोठून येतो

कर्णनाद हा स्वतंत्र रोग नसून लक्षण आहे. अंतःकर्णातील शंखाकृती भागात सूक्ष्म केशपेशी असतात. ध्वनीच्या कंपनांचे मज्जासंदेशात रूपांतर त्या करतात. मोठ्या आवाजाने, वयाने किंवा काही औषधांनी त्या नष्ट झाल्या की मानवात त्या पुन्हा निर्माण होत नाहीत. त्या पट्ट्यातील संदेश कमी पडला की मेंदूतील श्रवणकेंद्रे आपली संवेदनशीलता वाढवतात आणि बाहेर ध्वनी नसताना आवाज जाणवू लागतो, असे आज सामान्यतः मानले जाते. म्हणजे मूळ बिघाड बहुधा कानात असतो, परंतु आवाज चालू राहतो तो मेंदूत.

शांततेचाही यात वाटा आहे. १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उत्तम श्रवणशक्ती असलेल्या ८० व्यक्तींना ध्वनिरोधक खोलीत बसवले गेले. त्यांतील ९४ टक्के व्यक्तींनी काही ना काही आवाज ऐकू आल्याचे सांगितले. रात्री दिवा मालवल्यावर नाद वाढतो असे रुग्ण सांगतात, ते याच कारणाने.

यावरून एक गोष्ट उघड होते. कर्णपथात घातलेले तेल अखंड पडद्यापलीकडे जाऊन केशपेशींना पुनर्जीवन देत नाही. तेलाचे उपयोग आहेत, पण ते वेगळे आहेत. त्यांचा विचार पुढे केला आहे.

माझ्या हातून झालेली चूक

येथे एक स्वानुभव नोंदवणे मला कर्तव्य वाटते. २०११ सालच्या पावसाळ्यात एक प्राथमिक शिक्षक माझ्याकडे आले. वय ४२. दोन दिवसांपूर्वी सकाळी उठल्यापासून उजवा कान बंद वाटत होता आणि त्यात घों-घों आवाज येत होता. आदल्या दिवशी ते पावसात भिजले होते. मी कान पाहिला. मळ नव्हता, स्राव नव्हता, पडदा स्वच्छ होता. शीतसेवनाचा हेतू मिळाला, वाताचे लक्षण मिळाले, माझे निदान झाले. बिल्वतैलाचे कर्णपूरण, अणुतैलाचे नस्य आणि सारिवादी वटी सुरू केली. "गुरुजी, पंधरा दिवसांत उतार पडेल," असेही म्हणालो.

पंधरा दिवसांचे सात आठवडे झाले. आवाज किंचित कमी वाटतो असे ते म्हणत, आणि मी ते औषधाचे यश समजत होतो. अखेर त्यांच्या भावाने त्यांना मिरजेला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे नेले. श्रवणमापनात उजव्या कानाचे तीव्र मज्जाजन्य बाधिर्य निघाले. तज्ज्ञांनी त्यांना एवढेच विचारले, "पहिल्या आठवड्यात का आला नाहीत?"

अकस्मात होणाऱ्या मज्जाजन्य बाधिर्याची व्याख्या अशी आहे : तीन दिवसांच्या आत सलग तीन ध्वनिपट्ट्यांत किमान ३० डेसिबलची घट. ते बहुधा एकाच कानात होते आणि अनेकदा सकाळी उठल्यावर लक्षात येते. स्टेरॉइडची चिकित्सा द्यायची असल्यास ती पहिल्या दोन आठवड्यांत सुरू व्हावी, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. त्यानंतर सहा आठवड्यांपर्यंत पडद्यातून मध्यकर्णात औषध देण्याचा मार्ग काही प्रमाणात उरतो. माझ्या रुग्णाच्या बाबतीत दोन्ही मुदती माझ्या तेलाखाली संपल्या होत्या. वेळेत गेले असते तर श्रवण निश्चित परत आले असते, असे कोणीच म्हणू शकत नाही. काहींना उपचाराने लाभ होत नाही आणि काहींना उपचाराविनाही सुधारणा होते. परंतु संधी त्यांची होती आणि ती मी घालवली.

गुरुजी पुढे एकदा भेटायला आले. रागावले नाहीत. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुमच्या औषधानं काही वाईट झालं नाही. पण पहिल्याच दिवशी तुम्ही 'मिरजेला जाऊन या' म्हणाला असतात, तर मी गेलो असतो. तुमचा शब्द मी मोडला नसता." रुग्णाचा हा विश्वास हीच आपली मोठी शक्ती आहे आणि चूक झाली तर तोच विश्वास रुग्णाला अडकवून ठेवतो, हे मला त्या दिवशी उमगले.

तपासणी प्रथम, तैल नंतर

त्यानंतर माझ्या टेबलावर ५१२ कंपनांचा एक ध्वनिकाटा कायमचा आला. त्याची किंमत अल्प आहे आणि उपयोग मोठा. कंप पावणारा काटा कपाळाच्या मध्यावर टेकवून आवाज कोणत्या बाजूला येतो हे विचारावे. बंद वाटणाऱ्या कानाकडे आवाज गेला तर मळ, मध्यकर्णातील द्रव यांसारख्या वहनातील अडथळ्याची शक्यता असते. निरोगी कानाकडे गेला तर मज्जाजन्य बाधिर्याची शंका घ्यावी आणि त्याच दिवशी रुग्णाला तज्ज्ञांकडे पाठवावे. गुरुजींच्या बाबतीत या अर्ध्या मिनिटाच्या परीक्षेने माझे डोळे उघडले असते.

खालील परिस्थितीत आपली चिकित्सा थांबवून रुग्ण पुढे पाठवणे आवश्यक समजावे.

१. अकस्मात आलेले बाधिर्य, नादासह वा नादाविना. हा तातडीचा प्रसंग होय.
२. एकाच कानातील सतत नाद, विशेषतः त्या बाजूचे श्रवण कमी असल्यास. श्रवणमज्जेजवळील अर्बुद हे त्याचे क्वचित, परंतु महत्त्वाचे कारण आहे.
३. नाडीच्या ठेक्याबरोबर येणारा धक-धक असा नाद. रक्तवाहिन्यांतील विकृती, रक्तार्बुद, कवटीतील वाढलेला दाब ही त्याची कारणे असू शकतात. पांडुरोग आणि अवटुग्रंथीची अतिक्रिया यांतही तो आढळतो.
४. नादाबरोबर भ्रमाचे वेग व श्रवणातील चढउतार, किंवा चेहऱ्याचा अर्दित, वाणी वा चाल यांतील विकृती.
५. कर्णस्राव, पडद्याला छिद्र किंवा डोक्याला मार लागल्याचा इतिहास.
६. नादामुळे जगणे नकोसे झाल्याची भाषा. असा रुग्ण एकटा घरी पाठवू नये. नातेवाइकांना विश्वासात घेऊन मानसोपचारतज्ज्ञांची तातडीने मदत घ्यावी.

इतर सर्व रुग्णांतही एकदा श्रवणमापन, रक्तदाब, रक्तातील हिमोग्लोबिन, शर्करा आणि गरजेप्रमाणे अवटुग्रंथीची तपासणी करून घ्यावी. चालू औषधांची विचारपूस करावी. मोठ्या मात्रेतील ॲस्पिरिन, क्विनीन, जेंटामायसिनसारखी इंजेक्शने, फुरोसेमाइड आणि कर्करोगावरील सिस्प्लाटिन ही औषधे कानाला त्रासदायक ठरू शकतात. मात्र रुग्णाने ती परस्पर बंद करू नयेत. ज्यांनी ती लिहून दिली त्यांच्याशी बोलणे हा योग्य मार्ग.

आपल्या चिकित्सेची कक्षा

तपासणीनंतर उरणाऱ्या रुग्णांत आपल्याला करण्यासारखे पुष्कळ आहे. कर्णगूथ हेच कारण असेल तर कोमट तेलाने मळ मऊ करून तो काढल्यावर नाद तत्काळ थांबू शकतो. प्रतिश्यायानंतर कान दडून येणारा नाद प्रतिश्यायाच्या चिकित्सेबरोबर उतरताना दिसतो. जबडा आवळल्यावर किंवा मान वळवल्यावर ज्यांचा नाद बदलतो, त्यांच्यात मन्या व हनुप्रदेशी स्नेहन-स्वेदन करून पाहणे युक्त आहे. रात्रीचा शिरोभ्यंग, पादाभ्यंग आणि नियमित दिनचर्या यांनी झोप सुधारलेले रुग्ण मी पाहिले आहेत. झोप सुधारली की तोच नाद सुसह्य होतो.

कर्णपूरणाचे नियम मात्र काटेकोर असावेत. पडदा पाहिल्याशिवाय कानात काहीही घालू नये. छिद्र असलेल्या कानात तेल गेल्यास मध्यकर्णात संसर्ग पोहोचतो. क्षारतैलासारखे तीक्ष्ण योग तर अशा कानात अधिकच अपायकारक. तेल शरीराच्या उष्णतेइतकेच कोमट असावे, कारण फार थंड वा फार गरम द्रवाने भ्रम उत्पन्न होतो. लसणाचा वा कांद्याचा रस, गोमूत्र, पेटवलेली मेणाची नळी यांना रुग्णाच्या कानापासून दूर ठेवावे.

आता मर्यादा. वय, गोंगाट किंवा मज्जेची हानी यांमुळे स्थिर झालेला चिरकालीन नाद निश्चितपणे नाहीसा करील असे सिद्ध औषध आज कोणत्याही वैद्यकशास्त्राजवळ नाही. आधुनिक वैद्यकाचे मार्गदर्शकही तेच सांगतात. सारिवादी वटी, इंदुवटी, क्षीरबला, अश्वगंधा, ब्राह्मी हे योग आपण परंपरेने आणि युक्तीने वापरतो. परंतु अनेक रुग्णांत नादाचा त्रास काही महिन्यांत आपोआप कमी होतो, कारण मेंदू त्या आवाजाकडे दुर्लक्ष करण्यास शिकतो. तीन महिने वटी दिली आणि नाद कमी झाला, एवढ्यावरून वटीचे श्रेय सिद्ध होत नाही. प्रामाणिक नोंद ठेवायची तर पहिल्या दिवशी आणि दर महिन्याला नादाची तीव्रता, त्रास आणि झोप यांना ० ते १० गुण रुग्णाकडून मागावेत. १९९६ साली प्रसिद्ध झालेली २५ प्रश्नांची टिनिटस हँडिकॅप इन्व्हेंटरी ही प्रश्नावलीही उपयुक्त आहे. तीन महिन्यांत आकड्यांत फरक नसेल तर तेच औषध पुढे ओढू नये.

नैसर्गिक म्हणून विकले जाणारे पदार्थ

औषधविक्रेत्यांकडे या तक्रारीसाठी सर्वाधिक मागणी गिंको बायलोबा आणि जस्त यांच्या गोळ्यांची असते. गिंको ही आपल्या संहितांतील वनस्पती नव्हे, परंतु 'हर्बल' या शब्दाखाली ती आपल्याच मांडणीत येऊन बसते. २००१ साली ब्रिटनमध्ये १,१२१ व्यक्तींवर झालेल्या अभ्यासात गिंकोचा परिणाम निष्क्रिय गोळीपेक्षा अधिक आढळला नाही. कॉक्रेन संस्थेच्या २०२२ सालच्या आढाव्यातही तिच्या उपयोगाचा भरवसा देता येईल असा पुरावा मिळाला नाही. जस्ताविषयीचा २०१६ सालचा आढावाही असाच रिकाम्या हाताचा आहे. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या २०१४ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांत सतत त्रास देणाऱ्या नादासाठी गिंको, मेलाटोनिन, जस्त व तत्सम पूरके सुचवू नयेत असे म्हटले आहे. वॉरफेरिन किंवा ॲस्पिरिन घेणाऱ्या रुग्णाला गिंको दिल्यास रक्तस्रावाचा धोका संभवतो. नैसर्गिक पदार्थ निर्धोकच असतो, असे आपल्या शास्त्राने कधीही म्हटलेले नाही. वत्सनाभ आणि कुचला ही द्रव्येही निसर्गानेच दिलेली आहेत.

विक्रेतेबंधूंना चार विनंत्या कराव्याशा वाटतात. पहिली, वत्सनाभ, कुचला यांसारखी अनुसूची ई(१) मधील द्रव्ये असलेले वातघ्न कल्प "कानासाठी चांगले" म्हणून चिठ्ठीविना देऊ नयेत. वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना वेष्टनावर असते ती यासाठीच. दुसरी, कर्णतैल विकताना "कान वाहतो का, पडद्याला छिद्र आहे का, ऐकू येणे अचानक कमी झाले का" हे तीन प्रश्न विचारावेत आणि एकाचेही उत्तर होकारार्थी आल्यास बाटली न देता तज्ज्ञाचा पत्ता द्यावा. तिसरी, बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहिण्यास आणि घरातील सर्वांनी एकच ड्रॉपर न वापरण्यास सांगावे. चौथी, १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाच्या अनुसूचीत बहिरेपणाचा समावेश आहे. बहिरेपणा बरा करण्याचे आश्वासन देणारा फलक दुकानाबाहेर लावणे हा गुन्हा ठरतो, मग तो फलक कंपनीच्या प्रतिनिधीने फुकट का दिलेला असेना.

जे उपयोगी पडते

श्रवण कमी झालेल्या रुग्णाला श्रवणयंत्राचा सल्ला अवश्य द्यावा. बाहेरचे ध्वनी पुन्हा ऐकू येऊ लागले की आतला आवाज अनेकदा मागे पडतो. यंत्र म्हणजे म्हातारपणाची खूण, हा संकोच वैद्याच्या शब्दाने जितका लवकर दूर होतो तितका इतर कोणाच्या शब्दाने होत नाही. रात्री निःशब्द खोली टाळावी. पंख्याचा आवाज, मंद लावलेला तानपुरा किंवा पावसाच्या ध्वनीची मुद्रिका यांनी नादाची धार कमी होते. आवाज पूर्ण झाकण्याची आवश्यकता नाही, त्याच्याहून थोडा हळू असा पार्श्वध्वनी पुरेसा होतो.

बोधात्मक वर्तनोपचार नावाची मानसोपचारपद्धती नादाचा त्रास कमी करू शकते, असे कॉक्रेनच्या २०२० सालच्या आढाव्यात आढळले. तिने आवाज बंद होतोच असे नाही, पण त्याची भीती आणि त्याभोवती फिरणारे विचार कमी होतात. हे वाचताना चरकाने सूत्रस्थानात सांगितलेली सत्त्वावजय चिकित्सा आठवते. दोन्ही एकच आहेत असे म्हणणे घाईचे होईल. परंतु अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह हे तत्त्व आपल्याला परके नाही. प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ उपलब्ध असेल तेथे त्याची मदत घ्यावी. नसेल तेथे वीस मिनिटे शांतपणे बसून रुग्णाला नादाचे कारण समजावून सांगणे, हाही उपचारच आहे.

निदानपरिवर्जन

अत्युच्च शब्दांचे श्रवण हा श्रोत्रेंद्रियाचा अतियोग, असे चरकाने मेघगर्जना व पटह यांची उदाहरणे देऊन सांगितले. आज इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी येथील यंत्रमागांवर हा अतियोग पोटासाठी घडतो, तर मिरवणुकीत ढोल-ताशे आणि ध्वनिभिंतींपुढे तो हौसेने घडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते आठवड्यात ४० तासांपर्यंत ८० डेसिबल ही सुरक्षित मर्यादा होय. ९० डेसिबलला ती आठवड्यास अवघ्या चार तासांवर येते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, हे प्रत्येक मंडळाला माहीत असते. माग कामगाराला कर्णबोळे वापरण्यास सांगणे, ढोलपथकातील मुलांना ते सरावापासूनच लावायला लावणे आणि हेडफोनचा आवाज कमी ठेवण्यास सांगणे यांत औषध विकले जात नाही. पण नाद निश्चित टाळण्याचा आपल्या हातातील खरा उपाय हाच आहे.

उपसंहार

चिरकालीन कर्णनाद हा बहुतांश रुग्णांत याप्य मानावा. याप्य म्हणजे सोडून दिलेला रोग नव्हे. पथ्य आणि उपचार चालू असेपर्यंत जो आटोक्यात राहतो, तो याप्य. रुग्णाला हे त्याच्या भाषेत सांगता येते. मी आता असे सांगतो : "हा आवाज पूर्ण जाईल असे वचन मी देत नाही. तो धोक्याचा नाही ना, हे आधी तपासून घेऊ. मग तुमची झोप आणि तुमचे काम परत मिळावे यासाठी तीन महिने प्रयत्न करू आणि काय बदलले ते लिहून ठेवू." हे ऐकून कोणी उठून गेल्याचे मला आठवत नाही.

गुरुजी आता निवृत्त झाले आहेत. त्यांच्या उजव्या कानातील नाद अजून आहे. वर्गात ते डाव्या बाजूला उभे राहत, म्हणजे मुलांची उत्तरे ऐकू येत. त्यांच्या ओळखीचे दोन रुग्ण गेल्या वर्षी माझ्याकडे आले. कान अचानक बंद झाला, अशी दोघांचीही तक्रार होती. ध्वनिकाटा लावला आणि त्यांतील एकाला त्याच दिवशी दुपारच्या गाडीने मिरजेला पाठवले. दुसऱ्याच्या कानात केवळ मळ होता.